हा माणूस अर्धाच काहून केला जी?

युद्ध हा विषय घेऊन सात शिल्पकारांनी मिळून भरवलेलं एक प्रदर्शन मध्यंतरी नागपुरात पाहिलं. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि दालनात माझ्याशिवाय फक्त दारावर बसणारे काका होते. मी एका लोखंडी धडासमोर थांबलो. गंजलेल्या पत्र्याचे तुकडे एकमेकांना झाळून केलेला माणूस, कमरेपासून वरचा. हात खांद्यापाशीच संपलेले, पोटाच्या जागी आरपार भोक. काका खुर्चीवरून उठून शेजारी येऊन उभे राहिले.

"एक विचारू का जी? हा माणूस अर्धाच काहून केला? लोखंड कमी पडलं का?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दिवसभर त्या मूर्तींच्या सोबतीला बसणारा माणूस तो. "युद्धात असं होतं ना काका," एवढंच मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही. त्यांच्या त्या एका प्रश्नात गेल्या शंभर वर्षांतल्या शिल्पकलेचा मोठा भाग सामावलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात आपल्या चौकांतल्या पुतळ्यांपासून करू. घोडा, उगारलेली तलवार, ताठ मान. असा पुतळा नेहमी पूर्ण असतो, कारण त्याला पराक्रम सांगायचा असतो. चौथरा उंच असतो, कारण आपण खालून वर पाहावं अशी अपेक्षा असते. युद्ध संपलं की जिंकणाऱ्याने ब्राँझ ओतायचं, हा जगभरचा जुना रिवाज. पहिल्या महायुद्धाने त्याला तडा दिला. मशीनगन, विषारी वायू, मैलभर लांबून येणारे तोफगोळे. मारणारा दिसत नव्हता, आणि मरणाऱ्याला तलवार उगारायची संधीही मिळत नव्हती. सुमारे ९० लाख सैनिक गेले. यातल्या कोणाला घोड्यावर बसवायचं?

लंडनमधल्या जेकब एपस्टाइन या शिल्पकाराने युद्ध सुरू होण्याच्या आधी खडक फोडायचं एक खरंखुरं ड्रिल यंत्र मिळवलं होतं. त्यावर त्याने प्लास्टरचा एक उंच, चोचीसारख्या तोंडाचा यंत्रमानव बसवला. नव्या यंत्रयुगाचा तो दिमाखदार स्वार. १९१५ मध्ये तो लोकांपुढे आला, तोवर तिकडे खंदकांत यंत्रांनी माणसं कापली जात होती. एपस्टाइनने स्वतःच आपलं शिल्प मोडलं. खालचं यंत्र काढून टाकलं, पाय कापले, हात तोडले आणि उरलेलं धड धातूत ओतून घेतलं. काकांच्या प्रश्नाचं माझ्या माहितीतलं हे सर्वांत जुनं ठोस उत्तर. अर्धा माणूस करायचा असं त्याने आधी ठरवलं नव्हतं. पूर्ण केलेला माणूस युद्ध सुरू झाल्यावर त्याला खोटा वाटू लागला.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जवळची वाटते ती जर्मनीची शिल्पकार केथे कोलविट्झ. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४ मध्ये लष्करात जायला निघाला. वय अठरा, म्हणजे वडिलांची परवानगी लागणार. वडील नको म्हणत होते. आईनेच मुलाची बाजू घेतली आणि नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये पीटर मारला गेला.

त्याच्यासाठी स्मारक करायचं असं तिने त्याच वर्षी ठरवलं. ते उभं राहिलं १९३२ मध्ये. मधली अठरा वर्षं ती करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती. सुरुवातीच्या कल्पनेत मुलगा आडवा पडलेला होता आणि आईवडील त्याच्यापाशी. हळूहळू मुलगा त्यातून निघूनच गेला. शेवटी उरले दोघंच, गुडघ्यांवर बसलेले. वडिलांनी दोन्ही हात स्वतःभोवती घट्ट आवळलेत, आई वाकून गेली आहे. चेहरे तिचे स्वतःचे आणि नवऱ्याचे. दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत आणि मधे मोकळी जागा आहे. ते एकमेकांना धरत नाहीत. पाहणारा त्या मधल्या जागेसमोर उभा राहतो आणि तिथे कोण असायला हवं होतं ते कोणी सांगावं लागत नाही. समोर सैनिकांच्या कबरी पसरलेल्या. बेल्जियममधल्या व्लाडस्लोच्या दफनभूमीत आज ही दोन शिल्पं आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिचा नातू गेला. त्याचंही नाव पीटर होतं.

दगडात कोरता न येणारी एक गोष्ट तिने कोरली, ती म्हणजे नसणं. शिल्पकलेची ताकद इथेच आहे. चित्रात रिकामी जागा म्हणजे कोरा कागद. शिल्पातली रिकामी जागा खरी असते, तिच्यात हात घालता येतो, तिच्यातून पलीकडचं दिसतं. जर्मन विमानांनी १४ मे १९४० रोजी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख केला. त्याची आठवण म्हणून ओसिप झाडकिन या शिल्पकाराने केलेलं ब्राँझचं शिल्प १९५३ मध्ये तिथे उभं राहिलं. आकाशाकडे हात फेकून ओरडणारा माणूस, छातीपोटाच्या जागी भगदाड. शहराचं काळीजच काढून नेलं, हे सांगायला त्याने काळीज घडवलं नाही, त्याची जागा मोकळी ठेवली. आमच्या त्या लोखंडी धडाचं हे थेट घराणं. तो नागपूरचा तरुण शिल्पकार हे शिल्प ओळखत असणारच.

आता सामूहिक प्रदर्शनाकडे येऊ. एकेकट्या शिल्पकाराचं काम वेगळं आणि सात-आठ जणांचं एकत्र वेगळं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे १९५२ चं व्हेनिस. तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात ब्रिटनने त्या वर्षी आठ तरुण शिल्पकारांची कामं मांडली. या आठ जणांचा गट वगैरे नव्हता, कोणता जाहीरनामा नव्हता, युद्धावर काही करा असंही कोणी सांगितलं नव्हतं. पण कामं शेजारी शेजारी आली आणि पाहणाऱ्यांना धक्का बसला. सगळीकडे काटकुळे, टोकदार, कातडी सोललेले आकार. काड्यांसारखे पाय, त्यावर न पेलणारं धड. नांग्या, काटे, पिंजरे. हर्बर्ट रीड या समीक्षकाने कॅटलॉगमध्ये या सगळ्याला नाव दिलं: भीतीची भूमिती.

हे आकार आले कुठून, ते कळायला या माणसांची युद्धातली वर्षं पाहावी लागतात. रेज बटलरने लढायला नकार दिला होता आणि युद्धकाळ एका खेड्यात लोहारकाम करत काढला. लोखंडाशी त्याची ओळख तिथली. लिन चॅडविक नौदलाचा वैमानिक होता. एदुआर्दो पाओलोत्झी इटालियन आईबापांच्या पोटी स्कॉटलंडमध्ये जन्मला. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हा मुलगा एका दिवसात शत्रूचा नागरिक ठरून कोठडीत गेला. त्याच्या वडिलांना आणि आजोबांना इतर कैद्यांबरोबर जहाजात घालून कॅनडाकडे पाठवलं. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, दोघंही गेले. आणि बर्नार्ड मेडोज, त्याची गोष्ट मला फार आवडते. तो हवाई दलातून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर जाऊन पडला. तिथे खेकडेच खेकडे. परत आल्यावर तो वर्षानुवर्षं खेकडे घडवत राहिला. बाहेरून कठीण कवच, उगारलेल्या नांग्या, आणि आत मऊ, सहज चिरडला जाईल असा जीव. सैनिकाचं याहून नेमकं वर्णन मी पाहिलेलं नाही, आणि त्यात सैनिक कुठेच नाही.

अनिश्चितता शिल्पात कशी दाखवायची, असा प्रश्न पडतो ना? पुढच्या आठवड्यात काय होईल माहीत नाही, ही भावना दगडधातूत कशी आणणार? या आठ जणांनी ती तोलातून आणली. आपलं शरीर तोल फार पटकन ओळखतं. बारीक पायांवरचं जड धड पाहिलं की आपण नकळत एक पाऊल मागे सरतो, अंगावर येईल असं वाटतं. ते दिवसही तसेच होते. महायुद्ध संपलं होतं, पण अणुबॉम्ब अमेरिका आणि रशिया दोघांकडे आले होते आणि शांतता कधी कोसळेल याचा नेम नव्हता. एकाच खेकड्यासमोर उभं राहून हे कळलं नसतं. आठ जण, कोणी कोणाला न विचारता, तोच डळमळीत तोल घेऊन आलेत हे दिसलं तेव्हा कळलं की ही एखाद्याची वैयक्तिक धास्ती नाही, काळाचीच आहे. म्हणून सामूहिक प्रदर्शनात एकेक मूर्ती सुटी पाहून पुढे जाऊ नये. एकीवरून दुसरीकडे जाताना काय परत परत दिसतं, तिकडे लक्ष ठेवावं. नागपूरच्या त्या दालनात सातांपैकी पाच जणांनी माणसाचं तोंड झाकलेलं किंवा पुसलेलं होतं. हे मला तिसऱ्या फेरीत दिसलं.

आता काकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग: लोखंड कमी पडलं का? पहिल्यांदा ऐकताना तो भाबडा वाटला होता. खरं तर त्यात निम्मं उत्तर आहे. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं, त्यात थोडं कथील. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तोफ आणि पुतळा यांचं पोट एकाच धातूवर भरतं. मायकेलअँजेलोने इटलीतल्या बोलोन्या शहरात पोप ज्युलियस दुसरा याचा ब्राँझचा भव्य पुतळा केला होता. १५११ मध्ये लोकांनी तो पाडला आणि त्याच्या धातूची तोफ ओतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये चौकाचौकांतले पुतळे उतरवून वितळवले गेले. युद्धाच्या काळात शिल्पकाराच्या वाट्याला धातू येत नाही, आणि आला तरी परवडत नाही. १९५० च्या आसपास तरुण शिल्पकार लोखंडी सळया आणि वेल्डिंगकडे वळले, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडे रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभं केलं ते सिमेंट आणि जांभ्या खडीचं. तंगीतून माध्यम निघतं आणि मग त्या माध्यमाचाच खडबडीतपणा शिल्पाचा आवाज होतो.

आमच्या घरी एक पितळी पुंगळी आहे. आजोबांनी फार वर्षांपूर्वी कामठीच्या भंगारातून आणलेली. हातभर उंच, खाली जराशी रुंद, तळाला आकडे आणि १९४२ साल ठोकलेलं. आजी दसऱ्याला चिंच लावून ती लखलखीत घासायची आणि तिच्यात झेंडू खोवायची. तोफगोळ्याची रिकामी पुंगळी आहे हे मला कॉलेजात असताना कळलं. पहिल्या महायुद्धात सैनिक अशा पुंगळ्यांवर ठोकून नक्षी काढत आणि घरी फुलदाण्या पाठवत. ती गोष्ट वाचली तेव्हा मी आमची पुंगळी खाली उतरवून आतून पाहिली. बाहेरून इतकी घासलेली, पण आतून अजून काळी आहे. युद्ध आपल्यापासून लांब आहे असं नागपूरकराने म्हणू नये. अंबाझरी, भंडारा, भद्रावती इथे आयुध निर्माण्या आहेत, पुलगावला दारूगोळ्याचं कोठार आहे. या भागातल्या कित्येक घरांतला पगार तिथून आला आहे.

हा धातूचा प्रवास उलटाही फिरवता येतो. मोझांबिकमध्ये यादवी युद्ध संपल्यावर, १९९५ मध्ये, चर्चच्या पुढाकाराने एक मोहीम सुरू झाली. लोकांनी लपवलेली शस्त्रं आणून द्यायची आणि बदल्यात शिलाई मशीन, सायकल, शेतीची अवजारं न्यायची. जमा झालेल्या बंदुका कापून कलाकारांना दिल्या गेल्या. त्यातून क्रिश्टोवाओ कान्यावाटो, ज्याला केस्टर म्हणतात, त्याने २००१ मध्ये एक खुर्ची केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोलंबियात बंडखोरांनी २०१६ च्या करारानंतर शस्त्रं खाली ठेवली. त्यातली ३७ टन शस्त्रं वितळवून डोरिस साल्सेडो या शिल्पकार बाईने राजधानी बोगोटात फरशी केली. फरशीवरचे चढउतार हातोडीने ठोकून घडवले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी. तिथे पाहायला उंच काही नाही. आत गेलात की तुम्ही बंदुकांवर उभे असता, एवढंच. स्मारकाला चौथरा हवाच असं आपण धरून चालतो, तिने सगळं स्मारकच पायाखाली घातलं.

आपल्या भाषेजवळचं, आपल्या मातीजवळचं असं कोणी आहे का? आहेत. चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर. जन्म १९२१, चितगाव. जपानी बॉम्बहल्ल्यात मेलेली माणसं त्यांनी तरुण वयात पाहिली, मग १९४३ चा बंगालचा दुष्काळ, जो युद्धकाळातलाच. १९७० च्या दशकात त्यांनी 'जखमा' ही मालिका केली. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीने, तापलेल्या सळईने घाव घालायचे, त्याचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळल्यावर हाती येतो पांढरा कागद, त्यावर पांढरीच जखम. रंग नाही, रक्त नाही. समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. बाजूने उजेड पडला की भेग उमटते, कडा वर आलेली, जशी खरी जखम भरताना येते. व्हिएतनामच्या लोकांसाठी त्यांनी ब्राँझची आई आणि मूल केलं होतं. काही वर्षांची मेहनत. १९७७ मध्ये ते पूर्ण झालं आणि लगोलग शांतिनिकेतनातून चोरीला गेलं. पुन्हा मिळालं नाही.

आणि शिल्पकार मीरा मुखर्जी. बस्तरच्या घडवे कारागिरांकडे राहून त्यांनी मेण वितळवून ओतकाम करायची रीत शिकून घेतली. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वरून पुन्हा माती, मग भट्टी. मेण वाहून जातं आणि त्याने सोडलेल्या जागेत धातू शिरतो. या रीतीने त्यांनी कलिंगच्या युद्धानंतरच्या अशोकाचं भव्य ब्राँझ केलं. तो दिल्लीत एका हॉटेलच्या आवारात आहे. जिंकलेला राजा, ज्याला विजयच नकोसा झाला. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे दीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा. दरवर्षी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, त्या दिवसामागे तलवार ठेवून दिलेल्या एका राजाची आठवण आहे.

आजचं युद्ध आजच घडवायचं तर काय करायचं? रशियाचं सैन्य २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये घुसलं. आपल्याला ते आधी तिकडे शिकणाऱ्या मुलामुलींमुळे आणि मग सूर्यफुलाच्या तेलाच्या भावामुळे कळलं. झान्ना कादिरोवा ही शिल्पकार कीव सोडून पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेली. तिथल्या नदीत पाण्याने घासून गोल झालेले गोटे होते, हुबेहूब पावासारखे. तिने ते दगड उचलले आणि कापून काप पाडले, पाव कापावा तसे. टेबलावर पांढरं कापड, त्यावर दगडाचा पाव. नाव दिलं 'पाल्यानित्स्या', तिकडच्या गोल पावाचं नाव. हा शब्द रशियन माणसाला नीट उच्चारता येत नाही म्हणतात, त्यामुळे युद्धात तो माणूस ओळखायची खूण झाला होता. ज्या घरात आसरा मिळतो तिथे भाकरी मिळते, आणि ती भाकरी दगडाची आहे. एकही रणगाडा न दाखवता तिने निर्वासिताचं आयुष्य ताटात वाढलं. विक्रीचे पैसे तिने युद्धग्रस्त देशालाच पाठवले.

तुलनेने त्या नागपूरच्या दालनातली दोन कामं मला कमकुवत वाटली. एकात क्षेपणास्त्रावर बसलेलं कबुतर होतं, दुसऱ्यात भेगाळलेला पृथ्वीचा गोल. हात सफाईदार होता, पण पाहताक्षणी अर्थ कळतो आणि मग तिथे थांबायला काही उरत नाही. खूण वाचून झाली की माणूस पुढे सरकतो. लोखंडी धडापाशी मात्र मी वीस मिनिटं होतो.

नागपूरला जगातल्या संकटांना आकार द्यायची सवय जुनी आहे, हे मला तिथून बाहेर पडताना जाणवलं. आपली मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. तिच्यासोबत बडगे निघतात, बांबू, कागद, कापड, रंग यांचे. त्या वर्षी जे छळत असेल त्याचे: महागाई, रोगराई, दहशतवादी, युद्ध करणारे पुढारी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळा इतवारी-महालचा परिसर रस्त्यावर येतो आणि शेवटी सगळं जाळून टाकलं जातं. दालनातलं शिल्प याच्या नेमकं उलट वागतं. बडगा संकटाला नाव देतो आणि संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. शिल्प नाव घेत नाही आणि जात नाही. मला दोन्हींची गरज वाटते. वर्षातून एकदा ओरडून घ्यावं, आणि एरवी कुठेतरी एखादी न जाणारी गोष्ट उभी असावी.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो. काकांना रॉटरडॅमच्या शिल्पाचा फोटो फोनवर दाखवला, कोलविट्झच्या त्या दोन मूर्तींचाही. मधली मोकळी जागा त्यांनी बोटांनी मोठी करून पाहिली. "पोरगा इथं असन," ते म्हणाले.

तेवढ्यात सामान न्यायला टेम्पो आला. बाकीच्या मूर्ती पोत्यांत गुंडाळून गेल्या. लोखंडी माणसापाशी येऊन हमाल अडले. हात नाहीत, पाय नाहीत, धरायचा कुठून? सगळीकडे पत्र्याच्या कडा. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पोटाच्या भोकातून आरपार ओवला आणि दोन्ही टोकं दोघांच्या हातात दिली. मग चौघांनी मिळून त्याला उचललं.